पहिलं सूर्यग्रहण बघण्याआधी

खग्रास, कंकणाकृती ही नावं पाठ करत बसू नकोस. आधी एक डोळा मिट आणि रुपयाच्या नाण्यानं लांबचा गोल दिवा झाक. नाणं म्हणजे चंद्र, दिवा म्हणजे सूर्य. हात दूर नेलास की कडेनं उजेडाची बांगडी दिसेल. सूर्य व्यासानं चंद्राच्या सुमारे 400 पट मोठा, पण जवळपास तितकाच पट लांब, म्हणून आकाशात दोन्ही बिंबं सारखी वाटतात. चंद्र पृथ्वीजवळ असला तर सूर्य पूर्ण झाकतो, ते खग्रास; दूर असला तर कडेची बांगडी उरते, ते कंकण. 26 डिसेंबर 2019 ला केरळात दिसलं ते कंकणच. दर अमावस्येला ग्रहण होत नाही, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंश कललेली आहे. सावली बहुतेकदा पृथ्वीला चुकवून जाते.

2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास दिसेल. मुंबई तेव्हा फक्त सावलीच्या विरळ कडेत, म्हणजे उपछायेत, म्हणून इथून सूर्याचा तुकडाच झाकलेला, म्हणजे खंडग्रास, तेही पावसाळी ढगांनी वाट दिली तर. एक्स-रेची फिल्म डोळ्याला लावू नकोस, कृपा करून. बुंदीचा झारा उन्हात धर; चार-पाच फुटांवरच्या भिंतीवर प्रत्येक भोकाचा कुरतडलेला इवला सूर्य उमटतो.