एकशे एकवीस किलो आणि मागचं चाक

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात शिक्षक आहे. वय ३९, उंची सहा फूट तीन इंच, वजन १२१ किलो. दोन वर्षांपूर्वी २७.५ इंची चाकांची गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल) घेतली. आठ महिन्यांत मागच्या चाकाचे सात स्पोक तुटले. दर वेळी एक बदलून आउट (चाकाची डगमग) काढून आणला, महिन्याभरात पुढचा तुटला. गुडघेही दुखायला लागले. शेवटी दुकानदार म्हणाले, "सर, आधी वजन कमी करा, मग सायकल चालवा." तेव्हापासून सायकल जिन्याखाली पडून आहे. मला यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचंय, शेतातल्या कच्च्या रस्त्यांनी फिरायचंय. पन्नास हजारांपर्यंत खर्च करू शकतो. २७.५ घेऊ की २९? पुढे शॉकअप पुरेल की मागे-पुढे दोन्हीकडे हवेत?

उत्तर : सर, ते सातही स्पोक बहुतेक चेनच्या बाजूचे असणार, आणि हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकातून वळतात तिथेच तुटले असणार. दोष एकट्या तुमच्या वजनाचा नाही. चाक सैल विणलेलं होतं, म्हणजे स्पोक पुरेसे ताणलेले नव्हते.

सायकलवर बसलं की जमिनीकडचे खालचे दोन-चार स्पोक क्षणभर ढिले पडतात, फेरा पुढे गेला की परत ताणले जातात. मुळात ताण भरपूर असेल तर हा चढ-उतार त्यांना जाणवत नाही. ताण कमी असेल तर स्पोक पार लुळा पडतो आणि पुन्हा ताठ होतो. लोखंडी तार हाताने मागे-पुढे वाकवत राहिलं की तुटते, तसंच हे. तुमच्या चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या जवळपास फेरे. पंचवीस किलोमीटर गेलात की प्रत्येक स्पोक अकरा हजार वेळा वाकला. एक तुटला तेव्हा बाकीचेही तितकेच थकलेले असतात, म्हणून तुटलेला तेवढा बदलून उपयोग होत नाही.

माझा धाकटा भाऊ सहा फूट दोन इंच, ११४ किलो. कात्रजच्या घाटात, जुन्या बोगद्याच्या अलीकडे त्याचा एका महिन्यातला तिसरा स्पोक गेला. तेव्हा मी सायकलच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली शिकत होते. वडिलांनी तो एक स्पोक बदलायला चक्क नकार दिला. जुने सगळे ३६ काढून टाकले, स्टेनलेसचे नवे भरले, आणि मला शेजारी बसवून प्रत्येक तार बोटाने छेडायला लावली. चेनच्या बाजूचे स्पोक वरच्या सुरात वाजतात, दुसऱ्या बाजूचे खालच्या. पण एका बाजूचे सगळे एकाच सुरात वाजले पाहिजेत. मग समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत घट्ट दाबायच्या, कटकट आवाज होऊन ते जागेवर बसतात, आणि पुन्हा आउट काढायचा. दीडशे किलोमीटरनंतर चाक परत आणायला सांगितलं. त्या चाकाचा पुढच्या सहा वर्षांत एकही स्पोक तुटला नाही, आणि भावाचं वजन काही कमी झालं नव्हतं.

म्हणून त्या दुकानदारांचं बोलणं मला फार लागलं. दवाखान्यात डॉक्टर वजनाबद्दल बोलतील, त्यांचं ते काम आहे. सायकलवाल्याचं काम समोरच्या माणसाला पेलेल असं चाक विणून देणं, एवढंच आहे. तुमचा एवढा काळ त्या जिन्याखाली गेला याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता नवी सायकल. पहिला प्रश्न २७.५ की २९ हा नाहीच, फ्रेम कोणत्या मापाची हा आहे. आपल्याकडच्या दुकानांत मीडियम आणि लार्ज उभ्या असतात. "लार्जमध्ये बसून जाईल, सीट वर घेऊ" असं सांगतील. तुम्ही ऐकू नका. तुमचे गुडघे बहुधा यामुळेच दुखले : सीटच्या दांड्यावर जास्तीत जास्त उंचीची खूण असते, तिच्यावर दांडा काढता येत नाही, म्हणून तुम्ही कायम खाली बसून पाय दुमडून पेडल मारत राहिलात. खुणेच्या वर काढलाच तर फ्रेमची उभी नळी चिरते. तुम्हाला एक्सएल हवी, मागवून आणायला लागली तरी. शिवाय एका कंपनीची एक्सएल दुसरीच्या लार्जएवढी असते, म्हणून स्टिकरवर जाऊ नका, त्याच मॉडेलचा मापांचा तक्ता मागा आणि त्यात रीच बघा, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, त्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. ते ४८० मिलिमीटरच्या आसपास असेल तर तुमच्या हातांना, पाठीला जागा मिळेल. सीट लावताना टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली, गुडघा सरळ व्हायला हवा. मग पेडल मारताना पंजा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

चाक २९ घ्या. छोटं चाक जरा मजबूत असतं हे खरं, कारण स्पोक आखूड. पण तुमच्या मापाच्या फ्रेमला २९ शोभतं आणि शेतातल्या ढेकळांवरून, दगडांवरून ते सहज जातं. मजबुती विणकामातून आणू. रिम दुहेरी भिंतीची, निदान ३२ भोकांची, ३६ मिळाली तर सोनं.

मागच्या हबचंही विचारा. स्वस्त सायकलींत फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, हबवर आट्यांनी बसवतात. त्यात चेनच्या बाजूचं बेअरिंग आत राहतं आणि आसाचं टोक आधाराशिवाय बाहेर लोंबतं. जड माणसाखाली तो आस वाकतो, मग तुटतो. कॅसेटचा हब असेल, म्हणजे चकत्या हबवरच सरकवून बसवलेल्या, तर बेअरिंग पार टोकाशी असतं. गिअर २१ आहेत की २७, त्यापेक्षा ही गोष्ट तुमच्यासाठी शंभरपट महत्त्वाची.

शॉकअप पुढेच ठेवा. पन्नास हजारांत मागे-पुढे दोन्हीकडे शॉकअप म्हणजे दोन्हीकडे हलका माल. पुढचासुद्धा स्प्रिंगचा असेल तर ती स्प्रिंग साधारण बांध्याच्या माणसासाठी असते. वरचं बटण फिरवून ती कडक होत नाही, फक्त आधीपासून थोडी दाबलेली राहते. हवेचा शॉकअप बजेटमध्ये बसला तर उत्तम, कारण वजनाप्रमाणे हवा भरता येते : शंभर मिलिमीटरच्या शॉकअपवर तुम्ही नुसते बसलात की वीस-पंचवीस मिलिमीटर दबला पाहिजे. बजेटमध्ये नाही बसला तर सरळ साधा घट्ट चिमटा (शॉकअपशिवायचा फोर्क, पुढचं चाक धरणारा) आणि २.४ इंची टायर घ्या. भावाने गेली चार वर्षं हेच ठेवलंय.

यवतेश्वरहून उतरताना तुमच्यासकट एकशे चाळीस किलोच्या जवळपास ओझं ब्रेकवर येणार आहे. हायड्रॉलिक डिस्क हवेत, पुढची तबकडी १८० मिलिमीटरची, चिमट्याला ती चालते ना ते विचारून. ब्रेक सतत घासत उतरू नका. वळणाआधी जोरात दाबा, वेग मोडा, सोडा. मधे तबकडीला निवायला वेळ मिळतो.

पैसे द्यायच्या आधी मॅन्युअल मागून वजनाची मर्यादा स्वतः वाचा. काही कंपन्या फक्त माणसाचं वजन धरतात, काही सायकल-सामानासकट. तुमचा हिशेब १२१, सायकल १५, पाणी-दप्तर ४, म्हणजे १४०. मर्यादा १२० लिहिली असेल तर ती सायकल कितीही आवडली तरी सोडा. विक्रेता तोंडी "काही होत नाही" म्हणाला, ते धरू नका.

सगळे पन्नास हजार सायकलीत घालू नका. चार-पाच हजार बाजूला ठेवा. प्लॅस्टिकची पेडल पहिल्या दिवशी काढून अल्युमिनियमची लावा, आणि नवी सायकल घरी नेण्याआधी मागचं चाक ओळखीच्या मिस्त्रीकडून स्पोक छेडून, ताणून घ्या. ट्यूब असेल तर मागे चाळीस पीएसआयपर्यंत हवा ठेवा, पुढे जरा कमी. नाहीतर दगडावर ट्यूब रिममध्ये चेपून दोन भोकं पडतात.

पहिले दीडशे किलोमीटर घाटात जाऊ नका, सपाटीवर चालवा. मग चाक पुन्हा ताणून घ्या. त्यानंतर यवतेश्वर.