समोरच्या आजींसाठी ताट

प्रिय सई,

काल झोपताना तू विचारलंस, "समोरच्या आजींना ख्रिसमस मुळीच आवडत नाही म्हणे. आपल्या मराठी लोकांत सण न आवडणारं कुणी असतं का? आणि ख्रिसमस आपला नाही, तर आपण का करतो?" मी ड्यूटीला निघाले होते, म्हणून 'उद्या सांगते' म्हटलं. आता पहाटेचे तीन वाजलेत, वॉर्ड शांत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ख्रिसमसला मराठीत नाताळ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. वसईतली मराठी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या नाताळ करत आलीत. आणि इथल्याच, इंग्लंडच्या फादर स्टीफन्सनी गोव्यात राहून येशूची कथा मराठी ओव्यांत रचली, ती १६१६ मध्ये छापून आली. आपण ख्रिस्ती नाही, हे खरंच. पण चार वाजायच्या आत सूर्य मावळतो अशा दिवसांत खिडकीत दिवे लावायला, दिवाळीचा आकाशकंदील पुन्हा बाहेर काढायला मला मनापासून आवडतं. यंदा २५ तारखेला मला सुट्टी आहे, म्हणून तर मी जास्तच खूश आहे.

आता समोरच्या आजींचं. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातच गेले. त्या दिव्यांकडे बघून त्यांना काय आठवत असेल, ते आपल्याला कळणार नाही.

मी आठ वर्षांची होते तेव्हा माझे आजोबा श्रावणात गेले. ज्या घरात माणूस गेलंय ते घर वर्षभर सण करत नाही. त्या दिवाळीत आमच्याकडे कढई चढली नाही, कंदील लागला नाही, नवे कपडे नाहीत. मी खूप रुसले होते. पाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकू आल्या. हातात ताट, वर क्रोशाचा रुमाल. रुमालाखाली चकल्या, लाडू, आणि माझ्यासाठी वेगळ्या पुडीत चिरोटे. त्यांनी 'दिवाळीच्या शुभेच्छा' म्हटलं नाही. आजीसमोर मेथीची जुडी पडली होती. काकू खाली बसल्या आणि निवडायला लागल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. निघताना आजीने ताट पुसलं आणि त्यात चिमूटभर साखर ठेवली, कारण रिकामं ताट परत पाठवायचं नसतं. साखर ठेवताना ती पहिल्यांदा रडली. काकू तिचा हात धरून तशाच उभ्या राहिल्या.

आपल्याकडची ही रीत मला फार मोलाची वाटते. दुःखातल्या माणसाला कुणी 'सण कर' म्हणत नाही, आणि त्याला एकटंही टाकत नाही. सगळेच काही दुःखामुळे सण टाळतात असं नाही. कुणाला खर्च झेपत नाही, कुणाच्या घरात भांडणं होतात, कुणाला नुसता गोंगाट सोसत नाही. त्यांना सण आवडायलाच हवा, असं कुठे आहे?

इथे एकटेपणा आणखी टोचतो. २५ तारखेला मोठी दुकानं कायद्यानेच बंद, आपल्या लंडनमध्ये बस नाही, ट्यूब रेल्वे नाही. घरात माणसं असली की ती शांतता गोड लागते. एकट्या माणसाने त्या दिवशी जायचं तरी कुठे?

तेव्हा असं करू. परवा दुपारी मी करंज्या तळते, तू आणि बाबा सुक्या मेव्याचं सारण भरलेले नाताळचे गोड मिन्स पाय करा. निळ्या काठाचं ताट घे, वर रुमाल टाक. 'मेरी ख्रिसमस' म्हणू नकोस, नुसतं 'तुमच्यासाठी आणलंय' म्हण. आत बोलावलं तर बसू, दारातूनच घेतलं तर परत येऊ. ताट कधी परत येईल ते मात्र विचारायचं नाही.

तुझी,
आई