मुलगी नर्स आहे, तिला धर्मशास्त्राची प्राध्यापक व्हायचंय

वसईच्या पालकांना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. नाव छापू नका म्हणालात, ते पाळतो. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमची मुलगी २६ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून मुंबईतल्या एका रुग्णालयात ती चार वर्षं आयसीयूत काम करते आहे. मध्यंतरी तिनं अमेरिकेतल्या एका कॅथलिक विद्यापीठाची जाहिरात पाहिली. 'धर्मशास्त्रीय नीतिशास्त्र आणि आरोग्यसेवा', म्हणजे उपचारांतलं योग्य-अयोग्य ख्रिस्ती धर्मविचाराच्या आधारे तपासणं, या विषयासाठी सहायक प्राध्यापक हवा होता. तेव्हापासून मला हेच व्हायचंय, असं तिचं चाललंय. तुमचे प्रश्न असे: ही खरंच नोकरी आहे का? त्यासाठी सिस्टर, म्हणजे चर्चची व्रतस्थ नन, व्हावं लागेल का? किती वर्षं आणि किती पैसे लागतील? आणि शेवटी तुम्ही लिहिता, "नर्स म्हणूनच परदेशी गेली असती तर काय बिघडलं असतं?"

शेवटच्या प्रश्नातली तुमची काळजी मला कळते. पण आधी हा विषय काय आहे ते सांगतो, कारण तुमच्या मुलीला त्यात काय दिसलं हे कळल्याशिवाय बाकीची उत्तरं निरर्थक आहेत.

आयसीयूत रोज उभा राहणारा एक प्रश्न घ्या. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, सुधारण्याची आशा नाही, घरचे थकलेत, बिल वाढतंय. मशीन काढायचं का? काढलं तर आपण मारलं असं होतं का? १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला. तेव्हा कृत्रिम श्वासाची यंत्रं नवी होती. पोपनी उत्तर दिलं की जीव राखण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणं हे माणसाचं कर्तव्य आहे. पण जे उपाय त्या व्यक्तीच्या, त्या स्थळकाळाच्या परिस्थितीत स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठा भार टाकतात, ते करायलाच हवेत असं बंधन नाही. मृत्यू नेमका कोणत्या क्षणी झाला हे ठरवणं चर्चचं काम नाही, डॉक्टरांचं आहे, असंही त्यांनी सांगितलं. हा विचार तेव्हा नवा नव्हता. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मपंडितांनी त्याची मांडणी करून ठेवली होती. पुढे २००४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितलं की दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णाला नळीनं दिलेलं अन्नपाणी हे तत्त्वतः सर्वसाधारण उपायांतच मोडतं. त्यावर कॅथलिक विद्वानांतच जोरदार वाद झाला. व्हेंटिलेटर एका बाजूला आणि अन्नाची नळी दुसऱ्या बाजूला, ही रेघ कुठे आणि कशी ओढायची, यावर आजही लिहिलं जातंय.

आता हेच आपल्या मुंबईत पाहा. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मधली चार दशकं त्यांच्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांचं अन्न थांबवण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्याच निकालात काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीव टिकवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला, मान्यता मिळाली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयानं याचिकाकर्तीपेक्षा केईएमच्या कर्मचाऱ्यांना जवळचं मानलं. अंघोळ घालणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, भरवणाऱ्या माणसांच्या म्हणण्याला देशातल्या सर्वोच्च न्यायालयात वजन आलं. मात्र त्यांच्या मताला शास्त्रशुद्ध मांडणीची, परंपरेतल्या युक्तिवादांची जोड देणारे लोक आपल्याकडे फार थोडे आहेत. तुमची मुलगी नेमकं तेच व्हायचं म्हणते आहे. तिच्या या इच्छेला मी खूळ म्हणणार नाही.

आता नोकरीचं. होय, ही खरी, पूर्ण वेळेची, पगारी नोकरी आहे. अमेरिकेत जेझुइट, स्पिरिटन अशा कॅथलिक धर्मगुरूंच्या संघांनी स्थापन केलेली बरीच विद्यापीठं आहेत आणि त्यांतल्या अनेकांकडे नर्सिंग आणि आरोग्यशास्त्रांचे मोठे विभाग आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवायला माणूस लागतो. सेंट लुईस विद्यापीठ आणि पिट्सबर्गचं ड्यूकेन विद्यापीठ इथे आरोग्यसेवेच्या नीतिशास्त्रात थेट पीएच.डी. करता येते. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातली केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ एथिक्स १९७१ पासून आहे. बोस्टन कॉलेजचा धर्मशास्त्रीय नीतिशास्त्राचा विभाग जगभर ओळखला जातो. सहायक प्राध्यापकानं शिकवायचं, संशोधन लिहायचं, विभागाच्या समित्यांवर बसायचं, आणि साधारण सहा वर्षांनी त्याच्या कामाची कसून तपासणी होऊन नोकरी कायम होते किंवा संपते.

पण जागा थोड्या असतात. ही गोष्ट मुलीपुढे स्पष्ट ठेवा. धर्मशास्त्राचे विभाग अमेरिकेत आकसत चाललेत, छोटी कॉलेजं बंद होताहेत, आणि एकेका जागेसाठी तयारीचे अनेक उमेदवार असतात. जाहिराती बहुतेक ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात, मुलाखती थंडीत होतात आणि रुजू व्हायचं पुढच्या ऑगस्टमध्ये. वर्ष हुकलं तर पुढच्या वर्षापर्यंत तात्पुरत्या जागेवर काढावं लागतं. पगाराचंही सांगतो. तिथल्या अनुभवी आयसीयू नर्सला पुष्कळदा नव्या धर्मशास्त्र प्राध्यापकापेक्षा जास्त मिळतं. तेव्हा पैसा हाच निकष असेल, तर तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे.

मात्र याच शिक्षणावर दुसरं एक दार उघडतं आणि माझ्या मते तुमच्या मुलीसाठी ते जास्त रुंद आहे. असेन्शन, कॉमनस्पिरिट अशा मोठ्या कॅथलिक रुग्णालयसमूहांत नीतितज्ज्ञ पगारावर नेमतात. उपचार थांबवावेत का, पेशंट बोलू शकत नसेल तर कोणाचं ऐकावं, अशा पेचांत डॉक्टर आणि घरच्यांसोबत बसून वाट काढणं हे त्यांचं काम. या कामासाठी २०१८ पासून एक व्यावसायिक परीक्षाही आहे, एचईसी-सी नावाची. इथे तिची आयसीयूतली चार वर्षं सोन्यासारखी आहेत. नुसतं ग्रंथालयात बसून पीएच.डी. झालेल्या उमेदवाराला रात्रपाळीत नातेवाइकांशी बोलण्याचा अनुभव कुठून येणार?

सिस्टर व्हावं लागतं का? नाही. अमेरिकेत कॅथलिक धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांत आज प्रापंचिकच, म्हणजे फादर किंवा सिस्टर नसलेलेच, जास्त आहेत. बोस्टन कॉलेजच्या लिसा सोल केहिल या क्षेत्रातल्या अग्रणी मानल्या जातात. त्या विवाहित आहेत, मुलाबाळांच्या आई आहेत. आपल्या मुंबईतही डॉ. अॅस्ट्रिड लोबो गजीवाला यांनी टाटा मेमोरियलची टिश्यू बँक सांभाळत धर्मशास्त्रात काम केलं. तुमच्या पत्रात "लग्नाचं काय" हे वाक्य दोनदा आलंय, म्हणून इतकंच म्हणतो की हा अभ्यास लग्नाच्या आड येत नाही. पस्तिशीपर्यंत तिला एका गावात स्थिर होता येणार नाही, हे मात्र होणाऱ्या जावयाला आधी माहीत हवं.

एक अट मात्र आहे, ती तुमच्या फादरांनाही विचारून घ्या. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ८१२ व्या कलमानुसार कॅथलिक विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणाऱ्याला तिथल्या बिशपांची मान्यता घ्यावी लागते. प्रत्येक विद्यापीठ ती सारख्याच काटेकोरपणे तपासतं असं नाही, पण मुलाखतीत संस्थेच्या ध्येयाबद्दल प्रश्न येतातच. कॅथलिक रुग्णालयं अमेरिकन बिशपांच्या परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं पाळतात. तिथे गर्भपात, नसबंदी, आयव्हीएफ होत नाही. तुमच्या मुलीची या प्रश्नांवर स्वतःची काय मतं आहेत, ते मला माहीत नाही. ती काहीही असोत, चर्चची भूमिका प्रामाणिकपणे, तिच्या सगळ्या बळानिशी वर्गात मांडता आली पाहिजे आणि विरोधी युक्तिवादही तितक्याच ताकदीनं. ज्याला यातलं एकच जमतं, त्यानं या वाटेला जाऊ नये. हे तिनं स्वतःशी आत्ताच पडताळून पाहावं, आठ वर्षांनी नव्हे.

आता वर्षं आणि पैसे. धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी दोन वर्षं, मग पीएच.डी. पाच-सहा वर्षं. म्हणजे सगळं वेळेत झालं तर ती ३५ च्या आसपास असेल. पीएच.डी. करताना लॅटिन, फ्रेंच, जर्मन यांपैकी एकदोन भाषा वाचण्यापुरत्या शिकाव्या लागतात.

पैशाबाबत माझा सल्ला ठाम आहे. पीएच.डी. स्वतःच्या खर्चानं करायची नाही. चांगल्या विभागात पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. ते मिळत नसेल तर तो प्रवेश घेऊ नये. पदव्युत्तर पदवीला काही ठिकाणी पूर्ण फीमाफी असते, काही ठिकाणी अजिबात नसते, आणि एजंट तुम्हाला दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणीच नेईल. बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठात धर्मशास्त्र इंग्रजीतून शिकता येतं आणि फी अमेरिकेच्या मानानं बरीच कमी आहे, त्याचीही चौकशी करा. "तिथे नर्सिंग करून शिकेल" असं तुम्ही लिहिलंय. विद्यार्थी व्हिसावर बाहेरच्या रुग्णालयात मनाप्रमाणे नोकरी करता येत नाही, आणि नर्सिंगचा तिथला परवाना हा वेगळाच उद्योग आहे. त्या हिशेबावर कर्ज काढू नका. वाडी विकण्याचा विचार तर मनातही आणू नका.

परत यायचं झालं तर? भारतात नेमक्या या नावाची प्राध्यापकी मिळणं कठीण आहे, पण काम आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय नीतिशास्त्राची जुनी परंपरा आहे. सिस्टर डॉ. मेरी ग्लौरी यांच्या पुढाकारानं १९४३ मध्ये उभ्या राहिलेल्या कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडियाशी देशभरातले हजारो दवाखाने आणि रुग्णालयं जोडलेली आहेत. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' नावानं नीतिमत्ता आणि संवाद शिकवणं सक्तीचं झालंय, पण ते बहुतेक डॉक्टरच शिकवतात. त्याच वर्षीच्या औषधचाचण्यांच्या नियमांनुसार नैतिकता समितीवर किमान सात सदस्य लागतात, आणि त्यांतल्या एका जागेसाठी समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ यांच्या बरोबरीनं धर्मशास्त्र जाणणाऱ्या माणसाचाही स्पष्ट उल्लेख आहे. ही जागा रुग्णालयं अनेकदा ओळखीतल्या कोणालातरी बसवून भरतात. तयार माणसं असती तर तसं झालं नसतं.

यंदा काय करावं? तिनं नोकरी सोडू नये. पश्चिम रेल्वेनं गोरेगावला जाऊन सेंट पायस टेन्थ कॉलेजात प्रापंचिकांसाठी धर्मशास्त्राचं काय शिक्षण मिळतं ते पाहावं. कॅथलिक जैवनीतीवर, म्हणजे वैद्यकातल्या नैतिक प्रश्नांवर, काम करणारं फियामक बायोमेडिकल एथिक्स सेंटरही मुंबईतच आहे. अधिक पक्का पाया हवा असेल तर पुण्याच्या नगर रस्त्यावर ज्ञानदीप ही धर्मशास्त्राची संस्था आहे. ती १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. निव्वळ जैवनीतीचं पदविका शिक्षण मंगळूरच्या येनेपोया विद्यापीठात आहे. धर्मशास्त्राचे हजार पानी ग्रंथ वाचताना तिचा उत्साह टिकतो की ओसरतो, हे घरात राहून, पगार चालू असताना कळेल. परदेशात जाऊन कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

दुसरं काम लिहिण्याचं. आयसीयूतला एखादा प्रसंग, पेशंटची ओळख पूर्ण झाकून, तिनं इंग्रजीत मांडावा: प्रश्न काय होता, कोण काय म्हणालं, परंपरा काय सांगते, तिला स्वतःला काय वाटतं. मुंबईतून १९९३ पासून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स तिनं नेमानं वाचावं आणि तिथे लेख पाठवून पाहावा. परत आला तरी परीक्षकांचे शेरे मिळतील. प्रवेशाच्या वेळी लेखनाचा नमुना मागतात. आयसीयूतल्या नर्सनं नीट विचार करून लिहिलेली वीस पानं प्रवेश समितीला वाचायला मिळाली, तर तिचा अर्ज गठ्ठ्यात वर येईल. तिसरं, रुग्णालयाच्या नैतिकता समितीच्या सचिवांना भेटून बैठकांच्या कामात मदत करू का, असं विचारावं.

तुम्ही मात्र एक करा. "मग नर्सिंग शिकलीसच कशाला?" असं तुम्ही तिला म्हणालात, हे तुम्हीच लिहिलंय. ते मागे घ्या. या वाटेवर तिच्याकडे असलेलं सगळ्यांत मोठं भांडवल नर्सिंगच आहे, आणि ते तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

वर्षभर अभ्यास आणि लेखन झालं, उत्साह टिकला, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी तिनंच मला पत्र लिहावं. सोबत एक लेख आणि तिला आवडलेल्या तीन विभागांची नावं पाठवावी. कोणत्या प्राध्यापकांना आधी लिहायचं आणि शिफारसपत्रं कोणाकडून घ्यायची, ते तेव्हा ठरवू.

तुमचा,
मार्गदर्शक