घरच्या रेकॉर्डिंगसाठी पंचवीस हजारांत वेगळा माइक प्रीॲम्प कोणता घ्यावा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: तिसऱ्या पिढीचा स्कार्लेट सोलो (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, म्हणजे इंटरफेस), एसएम५८ माइक, गोष्टी वाचून रेकॉर्ड करता, मधूनच भावगीते. आवाज बारीक येतो, मागे सूंऽऽ ऐकू येते, आणि पंचवीस हजारांत कोणता प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा, घ्यावा, नागपुरात तो ऐकून कुठे बघता येईल, असे विचारले आहे. शेवटी जाता जाता लिहिले आहे, ‘ट्यूबवाला (जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा) घेतला की आवाजाला वजन येते म्हणतात.’ हे एक वाक्य नसते तर मी प्रश्न वाचून पुढे गेलो असतो.

कोणताच घेऊ नका.

आता हे इतक्या ठामपणे का सांगतो ते ऐका. माझे सासरे, म्हणजे मामाजी, नागपूरच्या महाल भागात राहतात. जुने घर, गल्ली अशी की समोरच्या घरातला कुकर आपल्या रेकॉर्डिंगमध्ये शिट्टी देतो. निवृत्तीनंतर मामाजींनी खंजिरी भजन मंडळ धरले. तुकडोजी महाराजांची भजने त्यांना तोंडपाठ आहेत, आणि ती नीट रेकॉर्ड करून ठेवावीत ही त्यांची फार दिवसांची इच्छा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या लेकी माहेरी जमल्या, तेव्हा तो बेत ठरला. माझ्याकडे सामान तुमच्यासारखेच होते, तोच सोलो आणि तोच एसएम५८.

माझे साडभाऊ पुण्याला असतात. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. माझा सेटअप बघून ते म्हणाले, ‘भाऊ, ठीक आहे, पण यात प्रीॲम्प कुठे आहे?’ मी म्हटले, यातच आहे. तर हसले. मग बॅगेतून त्यांनी एक ट्यूबवाला डबा काढला. समोर हलणारा काटा, जाळीमागे नारिंगी उजेड. बघायला सगळे घर गोळा झाले. हळदकुंकू लावायचे तेवढे राहिले.

त्यांनी माइक डब्याला लावला आणि डब्यातून निघणारी एक्सएलआर केबल सरळ माझ्या सोलोच्या माइकच्या भोकात घातली. गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचा, नॉब पूर्ण खाली, तरी त्याच्याभोवतीचे कडे लालभडक. ‘बघा किती दम आहे!’

‘दादा, अहो, लाइन लेव्हल माइकच्या तोंडात घालून राहिले तुम्ही.’

माइकमधून येतात मोजके मिलिव्होल्ट. प्रीॲम्पमधून बाहेर पडतो तो लाइन लेव्हलचा सिग्नल, +४ डीबीयू म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास. तो पुन्हा माइकच्या भोकात घातला की एकामागे एक दोन प्रीॲम्प लागतात आणि दुसऱ्याचा दम घुटतो. प्रीॲम्पचा आउटपुट जाड जॅकच्या केबलने लाइन इनपुटला द्यायचा, इन्स्ट्रुमेंटचे बटन बंद ठेवायचे, तेव्हा कुठे तो डबा खरा ऐकू येतो. ऑनलाइन या डब्यांची जी स्तुती वाचता, त्यातल्या बऱ्याच जणांनी केबल कुठे लावली होती हे मला एकदा बघायचे आहे.

केबल बदलली. लाल गेले, पण घूंऽऽ राहिली. दादांनी निकाल दिला, ‘इंटरफेस स्वस्तातला आहे ना.’ मी काही न बोलता लॅपटॉपचा चार्जर काढला. घूं तिथेच बंद. मग त्यांना म्हटले, चार्जर लावून लॅपटॉपच्या पत्र्यावरून हळूच बोट फिरवा. फिरवले आणि झटकन मागे घेतले, मुंग्या आल्या. दुपारी इलेक्ट्रिशियन आला. त्याने टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला तर बल्ब लख्ख. फेज आणि वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकात धरला तर बल्बने डोळासुद्धा उघडला नाही. वायर होती, अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात होता, पण त्यात वर्षानुवर्षे कुणी पाणी ओतले नव्हते, आणि आपल्याकडची काळी माती मे महिन्यात कशी भेगाळते हे तुम्हाला सांगायला नको. माती सुकली की तिचा रोध वाढतो, मग वायर असून नसल्यासारखी, आणि चार्जरमधून झिरपणारी वीज जमिनीत न जाता पत्र्यात आणि आवाजात उतरते. एकदा तिथे मीठ-कोळसा भरून बादल्या ओता, पंचवीस हजारांच्या डब्याने जे होणार नाही ते होईल.

मग राहिला कूलर. तो बंद केला तर मंडळातले म्हातारे म्हणाले, ‘जीव घेता का बाप्पा?’ शेवटी ठरले की पहाटे उजाडायच्या आत माजघरात बसायचे. दोन दारांवर रजया टांगल्या. माइकची पाठ गल्लीकडे केली, कारण एसएम५८ कार्डिओइड आहे, पाठीमागचे त्याला सगळ्यात कमी ऐकू येते. मामाजींचे तोंड जाळीपासून चार बोटांवर. खंजिरीवाल्याला चार-पाच फूट मागे आणि थोडा बाजूला बसवला. खंजिरीच्या झांजांचा ठोका इतका टोकदार असतो की जवळ घेतली तर गेन तिच्यासाठी खाली करावा लागतो, आणि गाणारा बारीक होतो. गेन ठेवला जास्तीत जास्त ठोका मीटरवर −१२ डेसिबलच्या आसपास जाईल एवढाच (० ला आवाज फाटतो). चोवीस बिट रेकॉर्डिंगमध्ये लाल होईपर्यंत भरायची काही गरज नसते.

भजन फार सुंदर झाले. आणि आता मुद्दा: त्या पहाटे दादा गच्चीवर झोपले होते आणि तो डबा बॅगेत होता. माइक ते सोलो, मध्ये काही नाही.

ते नऊला उठले, डबा काढला, लावला, काटा हलला, मामाजींनी खंजिरी हातात घेतली आणि मेहुणीने फोटो काढला. दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेचे भजन गेले, आणि त्याखाली हा फोटो. तेव्हापासून जो भेटतो तो मला सांगतो की दादांच्या मशीनने काय आवाज काढला मामाजींचा! दिवाळीतही हेच. मूळ फाइल माझ्याकडे आहे, तिच्यावर पहाटेची वेळ आहे. पण सासुरवाडीत फाइलची वेळ कोण बघतो?

तर वजनाचे ऐका. तुम्हाला जे वजन हवे आहे ते ट्यूबमध्ये नाही, अंतरात आहे. कार्डिओइड माइकच्या जवळ गेले की खालचे सूर आपोआप फुगतात. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात आणि तो फुकट आहे. शिवाय अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबल वाढतो. तुमच्या वर्णनावरून माइक लॅपटॉपशेजारी दोन फुटांवर उभा असणार. तो तीन इंचांवर आणा. अठरा डेसिबल मिळाले, आणि खोलीचा गोंगाट होता तेवढाच राहिला. कुठलाही प्रीॲम्प हे करू शकत नाही, तो माइकमध्ये जे आले ते सगळेच सारखे वाढवतो, पंख्यासकट. अगदी जवळ गेल्यावर ‘प’ आणि ‘फ’ फटफटले तर माइक तोंडासमोरून जरा बाजूला तिरपा करा.

हिस्सचे, म्हणजे मागच्या त्या सूंऽऽचे म्हणाल, तर १५० ओहमच्या स्रोताची, म्हणजे माइकसारख्या वस्तूची, स्वतःचीच खरखर −१३१ डीबीयूच्या आसपास असते (आकडा जितका उणे तितकी खरखर कमी), तिच्या खाली जगातला महागातला महाग प्रीॲम्प जात नाही. तुमच्या सोलोचा छापील आकडा −१२८ आहे. तो ए-वेटेड, म्हणजे कानाला कमी जाणवणारी खरखर कमी धरून काढलेला, थोडा पावडर लावलेला आकडा, हे मान्य. तरी उरलेल्या चार-पाच डेसिबलसाठी किती पैसे घालायचे? रात्रीची शांत खोलीसुद्धा तीस डेसिबलच्या घरात असते.

आणि स्वस्त ट्यूब डब्यांबद्दल दादांना तोंडावर सांगितले ते तुम्हालाही सांगतो. १२एएक्स७ ट्यूबला मोकळेपणी काम करायला शंभर-दोनशे व्होल्ट लागतात. स्वस्त डब्यांत ती बहुधा फार कमी व्होल्टवर उपाशी चालवतात, खरे काम बाजूची चिप करते, आणि काहींत तर उजेडासाठी मागे एलईडी असतो. दादांच्या डब्यातून आणि नुसत्या सोलोतून तेच भजन घेऊन, आवाजाची पातळी नीट जुळवून मी त्यांना ऐकवले. कुठले कुठले ते सांगता आले नाही, तर म्हणाले हेडफोन चांगला नाही. पातळी न जुळवता ऐकले की जो मोठा तोच चांगला वाटतो, प्रीॲम्प विकले जातात ते याच्यावर.

आता मी ‘कोणताच नको’ म्हटले त्याला काही अपवाद आहेतच. एसएम७बी माइक असता तर गोष्ट वेगळी होती. तो तुमच्या माइकपेक्षाही चारेक डेसिबल मंद आहे, त्याला निदान साठ डेसिबल गेन लागतो, आणि तुमच्या सोलोत छप्पन्नच आहे. तिथेही पूर्ण प्रीॲम्प न घेता मध्ये लावायचा छोटा बूस्टर पुरतो. क्लाउडलिफ्टर नावाचा असा बूस्टर फँटम पॉवरवर, म्हणजे इंटरफेसने माइकच्या केबलमधून दिलेल्या विजेवर, पंचवीस डेसिबलपर्यंत देतो. पॅसिव्ह रिबन माइक (पातळ पट्टीचा, फार क्षीण सिग्नल देणारा) असेल तर चांगला प्रीॲम्प लागेलच. ट्रान्सफॉर्मरवाल्या, नीव्ह १०७३ या जुन्या नावाजलेल्या स्टुडिओ प्रीॲम्पच्या घराण्यातल्या प्रीॲम्पांचा रंग खरा असतो, तो मी नाकारत नाही, पण पंचवीस हजारांत तो सहसा येत नाही. पैसे खुपतच असतील तर कंडेन्सर, म्हणजे जास्त तिखट कानांचा माइक घ्या. एकाच आवाजाला रोडचा एनटी१-ए हा कंडेन्सर एसएम५८ च्या तेरा पट व्होल्टेज देतो आणि त्याची स्वतःची खरखर फक्त पाच डेसिबल. मात्र तो शेजारचा कुकरही तितक्याच प्रेमाने ऐकतो, म्हणून आधी खोली.

ऐकून बघायला बर्डीच्या बाजारात जाऊ नका, दुकानाच्या गोंगाटात हिस्स कुणालाच ऐकू येत नाही. कुणा ओळखीच्याचा प्रीॲम्प आठवडाभर घरी आणता आला तर आणा. आणि ट्यूबवालाच हवा असेल तर सांगा, दादा त्यांचा विकायला काढून राहिले आहेत, काट्यासकट.