शेजारच्या प्लॅनिंग अर्जावर हरकत: इंग्लंडमधले २१ दिवस

शेजाऱ्याच्या प्लॅनिंग अर्जाबद्दल, म्हणजे बांधकामाच्या परवानगीच्या अर्जाबद्दल, काउन्सिलचं (स्थानिक पालिकेचं) पत्र आलं की आधी त्यातली हरकतीची शेवटची तारीख बघा. मुदत साधारण २१ दिवसांची असते आणि तुम्ही पाकीट कधी उघडलंत याच्याशी तिचा संबंध नसतो. पत्र आलंच नसेल तर काउन्सिलच्या वेबसाइटवर पत्ता टाकून अर्ज शोधा. नकाशेही तिथेच मिळतात.

तारीख हुकली आणि निर्णय झालेला नसेल, तर हरकत लगेच पाठवा. उशिराची हरकतही अधिकारी बऱ्याचदा वाचतात, पण भरवसा धरू नका.

एका प्रकारात मात्र हयगय नकोच: मागच्या बाजूचं मोठं एकमजली वाढीव बांधकाम, जे पूर्ण परवानगीऐवजी नुसत्या पूर्वसूचनेवर होतं. तिथे लागून असलेल्या शेजाऱ्यांपैकी कुणीच २१ दिवसांत हरकत घेतली नाही, तर तुमच्या उजेडाचं, खासगीपणाचं काय होईल हे काउन्सिल तपासतच नाही.

'घराची किंमत पडेल' हा मुद्दा चालत नाही. 'वरच्या मजल्याची नवी खिडकी थेट आमच्या बेडरूमसमोर येते' असं नकाशाचा क्रमांक देऊन लिहा. सगळे मुद्दे पहिल्याच पत्रात घाला. घरगुती अर्ज (राहत्या घरातल्या बांधकामाचा) नाकारला गेला आणि शेजारी अपिलात गेला, तर सहसा तेच पत्र पुढे जातं. नवं काही जोडता येत नाही.