गाडीचे सगळे फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला बदलणे आवश्यक आहे का?

प्रत्येक सर्व्हिसिंगला सगळे फिल्टर बदलावेत का, आणि त्यांतले कोणते स्वतः बदलता येतील, असे तुम्ही विचारले आहे. सगळे दर वेळी बदलण्याची गरज नसते. ऑइल फिल्टर मात्र प्रत्येक वेळी इंजिन ऑइलबरोबर बदलावाच. एअर फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा) आणि केबिन फिल्टर (गाडीत बसणाऱ्यांकडे येणारी हवा गाळणारा) माझ्या गाडीचे मी स्वतःच बदलतो, आणि माझे ठाम मत असे आहे की फिल्टर किती नवा आहे याइतकेच तो जागेवर नीट बसला आहे की नाही हेही पाहिले पाहिजे.

ऑइल फिल्टर जुनाच ठेवला, तर त्यात साठलेले काळे तेल नव्या तेलात मिसळते. शिवाय फिल्टर तुंबला तरी इंजिनाला तेल मिळत राहावे म्हणून त्यात किंवा इंजिनात एक बायपास व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की तेल न गाळताच बेअरिंगांपर्यंत जाते आणि डॅशबोर्डवर त्याची कसलीही सूचना मिळत नाही. डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. ती न पाहता नवा फिल्टर चढवला, तर दोन रिंगा एकावर एक येतात आणि इंजिन सुरू होऊन दाब तयार होताच तिथून तेल बाहेर फेकले जाते. म्हणून बसण्याची जागा फडक्याने पुसून बोटाने चाचपून पाहावी, नव्या रिंगेला स्वच्छ तेलाचे बोट फिरवावे आणि रिंग टेकल्यानंतर हाताने साधारण पाऊण फेरा आवळावा. नेमके प्रमाण बहुधा फिल्टरवरच छापलेले असते. गाडीखाली शिरण्याची सोय आणि जुन्या तेलाची योग्य विल्हेवाट लावण्याची व्यवस्था नसेल, तर हे काम मेकॅनिककडेच द्यावे.

एअर फिल्टरबाबत सर्वांत जास्त गैरसमज आढळतात. पेट्रोल इंजिनात एक किलो इंधन पूर्ण जळण्यासाठी साधारण 14.7 किलो हवा लागते, आणि ती सगळी या घड्यांच्या कागदातून जाते. कार्बुरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण संगणकाविना करणाऱ्या जुन्या गाड्यांत फिल्टर तुंबला की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाऊन ते वाया जाई. आजच्या गाडीतील संगणक हवा कमी आल्यास इंधनही कमी सोडतो, त्यामुळे मायलेज फारसे घटत नाही. चढावर किंवा ओव्हरटेक करताना जोर मात्र कमी पडतो. कागद थोडा करडा दिसला म्हणून तो निकामी झाला असेही नव्हे, कारण त्यावर बसलेला धुळीचा पातळ थर पुढची बारीक धूळ अडवायला मदतच करतो. घड्यांच्या तळाशी माती घट्ट बसली असेल, कागद तेलकट झाला असेल किंवा कडेचे रबर कडक पडले असेल, तर फिल्टर बदलावा. कॉम्प्रेसरच्या हवेने झटकून तोच पुन्हा वापरण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण त्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी पडू शकतात.

फिल्टर बाहेर काढल्यावर त्याच्या डब्याची इंजिनाकडची बाजू बोटाने पुसून पाहा. तिथे धूळ लागली, तर कागद कितीही चांगला असो, कडेने हवा शिरत आहे. ती बारीक माती सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते. डबा पुसताना आतला कचरा इंजिनाकडच्या नळीत पडू देऊ नये, आणि झाकणाच्या सगळ्या क्लिपा पूर्ण लागल्याची खात्री करावी.

इंधनाचा फिल्टर मी स्वतः बदलत नाही आणि तुम्हीही घरी बदलू नये असेच सुचवेन. अनेक पेट्रोल गाड्यांत तो टाकीतल्या पंपाबरोबर असतो आणि वेगळा बदलायचा नसतो. डिझेल गाडीत मात्र तो मुदतीतच बदलायला हवा, कारण तो डिझेलमधील पाणीही वेगळे करतो. बदलल्यानंतर लाइनमधील हवा नीट काढली नाही, तर इंजिन सुरूच होत नाही.

किलोमीटरच्या मुदतीसाठी गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल पाहावे. त्यात बहुधा सामान्य आणि कठीण वापरासाठी वेगवेगळे आकडे असतात. कच्चे रस्ते, सततची धूळ किंवा बांधकामांचा परिसर हा कठीण वापरच आहे.

सुरुवात केबिन फिल्टरपासून करा. तो बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि सहसा अवजारांशिवाय निघतो. एसीचा झोत कमी झाला असेल किंवा काचांवर वारंवार बाष्प धरत असेल, तर आधी तोच तपासावा. पंखा बंद ठेवून फिल्टर आडवा धरून हळू ओढा, म्हणजे वर साचलेली पाने ब्लोअरमध्ये पडणार नाहीत. नव्या फिल्टरच्या कडेवरचा बाण हवेची दिशा दाखवतो. ती दिशा गाडीप्रमाणे बदलते, म्हणून जुना काढण्यापूर्वी त्याच्या बाणाचा फोटो काढून ठेवावा.