बॉक्सिंगच्या पहिल्या स्पर्धेला वजन किती ठेवायचं?

भावा, अजून एक बाऊट (लढत) झाली नाही आणि ६८ किलोवरनं थेट ६० ला उतरायचं म्हणतोस? आधी दोन-तीन महिने नीट सराव कर. दोरी, पळणं, बॅग यानंच वजन एका ठिकाणी येऊन थांबतं. रोज सकाळी उपाशीपोटी काट्यावर उभा राहा आणि आठवड्याची सरासरी धर. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नकोस, नुसत्या पाण्यानं किलोभर इकडंतिकडं होतंय.

वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पुरुषांचे वजनगट २०२५ पासून ५० ते ९० किलो, पाच-पाचच्या फरकानं. म्हणजे ६६ ला थांबलास तर ६५ हाताशीच आहे; ६० चा नाद सोड. अमॅच्युअर म्हणजे हौशी बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्या दिवशीच सकाळी होतं, प्रो म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगसारखा भरून काढायला अख्खा दिवस मिळत नाही. पाणी तोडून, प्लास्टिकचा सूट घालून उतरलास तर रिंगमध्ये पाय जड होणार, आणि तशा सुकलेल्या अंगानं डोक्यावर मार खाणं धोक्याचं.

तालमीतल्या पोरांचा खुराक बघून थंडाई-तूप सुरू करू नकोस, त्यांचं गणित वेगळं. भाकरी, उसळ, अंडी बास. तांबडा-पांढरा रविवारी चालतोय की! आणि वय अठराच्या आत असेल तर वजन घटवायचा विषयच काढू नकोस, आहे त्या गटात खेळ.